मास्तरांची अकरा कारणं

कारणाशिवाय या जगात काहीही घडत नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ते मनापासून मानून त्याप्रमाणे चोवीस तास जगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझ्या नशिबाने तो माझ्याच खोलीत राहत होता. आमच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर. त्यांच्यासमोर साधं शिंकायची सोय नव्हती. शिंक आली की ते हातातलं पुस्तक मध्ये बोट घालून मिटायचे, चष्म्याच्या वरून बघायचे आणि अगदी हळुवारपणे विचारायचे, "कशामुळे?" धुळीमुळे म्हणावं, तर धूळ कशामुळे. झाडल्यामुळे म्हणावं, तर आजच का झाडलं. आज रविवार म्हणून झाडलं, असं कबूल केलं की ते समाधानाने मान डोलवत म्हणायचे, "म्हणजे रविवारामुळे शिंक आली." एवढं होईपर्यंत दुसरी शिंक मी गिळून टाकलेली असायची.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-दोन वर्षंच झाली होती. जानेफळच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागलो होतो. मी मूळचा खामगावकडचा, मास्तर देऊळगाव राजाचे, आणि दोघांनाही गावात घर नाही, म्हणून हेडमास्तरांनी आम्हाला एका शेतकऱ्याच्या घराच्या पुढच्या खोलीत घालून दिलं. दोन बाजा, एक स्टोव्ह, एक रांजण आणि मास्तरांची एक भली मोठी पत्र्याची पेटी, एवढ्यावर आमचा संसार होता. मास्तर चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असावेत. उंच, सडपातळ, थोडे पुढे वाकलेले. कोट काळा होता, पण उजव्या खिशात कायम खडू असल्यामुळे तो त्या बाजूने पांढरा झाला होता. ते बोलायचे हळू आणि चालायचे त्याहून हळू. वाटेत पडलेली बाभळीची फांदी दिसली तरी थांबायचे. ती वाऱ्याने पडली की कुणी तोडली, याचा निकाल लागल्याशिवाय आम्हाला शाळेत पोचता येत नसे.

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात कार्य आणि कारण जोडणाऱ्या क्रियापदांचं एक पान होतं. बाकीच्या शाळांत ते एका तासात उरकत असतील. आमच्या मास्तरांना त्या एका पानाला अख्खा पावसाळा पुरत नसे. जेवणानंतरचा तास, पोरांचे डोळे जड झालेले, खिडकीतून ओल्या तुरीचा वास येतोय, आणि मास्तर फळ्यासमोर डोळे अर्धवट मिटून उभे. शेजारच्या वर्गात मुलांना कुंड्या काढायला बसवून मी दारापाशी येऊन ऐकत उभा राहायचो. ते म्हणायचे, "लीड टू म्हणजे पायवाट. कारण पुढे चालतं आणि परिणामाला हात धरून घेऊन जातं. घाई नाही. रिझल्ट इन म्हणजे वाट संपली, आपण गावात पोचलो. गिव्ह राइज टू म्हणजे संध्याकाळी घराघरांतून धूर वर येतो ना, तसं. कुणी चूल पेटवली ते दिसत नाही, धूर दिसतो." ब्रिंग अबाउट त्यांना फार आवडायचं, ते म्हणताना त्यांचा हात आपोआप हवेत गोल फिरायचा. मेक मात्र त्यांना नावडतं होतं. त्यात फार धक्काबुक्की आहे, असं त्यांचं मत होतं. आणि लेट आलं की त्यांचा आवाज खाली जायचा. "यात आपण काहीच करत नाही बरं का," ते सांगायचे, "फक्त होऊ देतो. आणि तरीही झालेल्याचं कारण आपणच असतो." मग ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहायचे, आणि वर्गातली निम्मी पोरं तेवढ्यात सुखाने झोपून घ्यायची.

उरलेली निम्मी मात्र अशी तयार झाली होती की विचारू नका. एकदा तपासनीस साहेब आले. त्यांनी उशिरा आलेल्या एका पोराला सहज विचारलं, का रे उशीर झाला? तो उभा राहिला, हाताची घडी घातली आणि इंग्रजीत सुरू झाला. विहिरीचा दोर जुना होता, त्याची परिणती दोर तुटण्यात झाली, त्यामुळे बादली बुडाली, बादलीने गळ शोधायला लावला, गळ मामाकडे होता, मामा शेतात होता, शेताने चिखलाला जन्म दिला आणि चिखलाने उशीर घडवून आणला. साहेब खुर्चीवर टेकले. त्यांनी पुढचा सगळा तास त्या पोराला बादली सापडली का, एवढंच विचारण्यात घालवला, आणि शाळेचं दप्तर न बघताच शेरा चांगला लिहून गेले. मास्तरांना शेऱ्याचं काही नव्हतं. त्यांना एकच हुरहुर लागून राहिली, की दोर जुना का झाला हे पोराने सांगितलंच नाही.

घरी तर विचारायची सोय नव्हती. दूध उतू गेलं की मास्तर आधी ते पुसायचे नाहीत; खडूने जमिनीवर बाण काढायचे. स्टोव्हपासून एक, माझ्या बाजेपासून एक, खिडकीपासून एक, आणि सगळे येऊन दुधात पडायचे. माझ्या बाजेपासूनचा बाण नेहमी सगळ्यांत ठळक असायचा, कारण दुधाकडे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. पुढे पुढे बाण भिंतीवर चढले. घरमालकीण आजीबाई एकदा दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, भितीले काऊन खराब करून राह्यले?" त्यांना वाटलं, मास्तर ओशाळतील. पण कुणीतरी आपणहून 'काऊन', म्हणजे 'का', विचारल्याचा मास्तरांना एवढा आनंद झाला, की त्यांनी म्हातारीला पाट दिला, पाणी दिलं आणि पहिल्या बाणापासून सगळं समजावून सांगितलं. आजीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "बराबर हाये," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी चुना आणून भिंत पांढरी करून टाकली.

मला मौज वाटायची. तरुण होतो, रिकामा होतो, आणि असा माणूस खोलीत असणं म्हणजे रोजचा फुकटचा तमाशा होता. मी त्यांच्या नकला करायचो, अगदी त्यांच्या समोरसुद्धा. ते हसायचे आणि नक्कल कुठे चुकली तेही सांगायचे.

त्यांना बायको आहे हे मला सहा महिन्यांनी कळलं. एका रविवारी दुपारी पेटी उघडून ते कागद चाळत बसले होते. बाहेर ढगाळलेलं होतं, उजेड कमी. त्यांनी एक कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "तुम्ही चित्रकार. तुम्हाला यात काही राहून गेलेलं दिसतं का बघा."

ती एका पत्राची नक्कल होती. लग्न उशिरा झालेलं, बायको बीबी गावच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. ती परत आली नाही. मास्तरांनी महिनाभर वाट पाहिली, आणि मग जे त्यांना सगळ्यांत चांगलं जमत होतं तेच केलं. तिच्या न येण्याची कारणं शोधून, नीट क्रमाने लिहून, पत्र पाठवलं. जेवताना मोठ्याने वाचण्याची माझी सवय, हे पहिलं. भाजीत मीठ कमी का, याचा शोध तुम्हाला रडू येईपर्यंत लांबवला, हे दुसरं. तुमचा आवडता तांब्या कल्हईवाल्याकडे दिला आणि कोणत्या कल्हईवाल्याकडे ते विसरलो, हे तिसरं. तुम्ही सांगितलेल्या गोष्टीत 'मग काय झालं' न विचारता 'असं का झालं' विचारत गेलो, त्यामुळे तुम्ही गोष्टी सांगायच्या थांबलात. अशी दहा. एकातही तिला बोल लावलेला नव्हता, सगळे बाण स्वतःकडेच वळवलेले. आणि शेवटी आकडा घालून अकरावी ओळ कोरी ठेवली होती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे तुम्ही कळवावे.'

मी तांब्यापाशी हसायला लागलो होतो, तो कल्हईवाल्यापाशी थांबू शकलो नाही. मास्तरही हसले, थोड्या वेळाने. मग म्हणाले की उत्तर आलं नाही, तेव्हा अकरावं कारण सगळ्यांत मोठं असणार, लिहिण्यासारखं नसणार. त्यांनी कागद घडी करून पेटीत ठेवला. मी बाजेवर आडवा होऊन आणखी थोडा हसलो आणि झोपी गेलो. आज ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते, ती सांगून टाकलेली बरी.

देऊळगाव राजाला जाणारी मोटार जानेफळजवळच्या मेहकरहून निघाली की वाटेत बीबी लागतं. मास्तर आईला भेटायला दर दोन-तीन महिन्यांनी जायचे, आणि एकदा बालाजीच्या उत्सवाला मला बरोबर घेऊन गेले. येताना-जाताना दोन्ही वेळा मी पाहिलं, बायकोच्या माहेरचा मळा ज्या बाजूला दिसतो त्याच्या उलट बाजूला ते बसायचे. मोटार बीबीला थांबली की डोळे मिटून घ्यायचे. लोक चढायचे, टोपल्या चढायच्या, ओल्या कोथिंबिरीचा वास आत यायचा. मोटार सुटून गाव मागे पडेपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले असायचे. झोप लागली होती का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हो. या रस्त्याला जरा झोप येते." यावर मी कशामुळे असं विचारून त्यांची फिरकी घेतली. तेवढ्या एकदाच त्यांनी उत्तर दिलं नाही.

असं आणखी एक वर्ष गेलं. भाद्रपद सरत आला होता. चित्रकलेच्या परीक्षेच्या कामासाठी मी एकटाच देऊळगाव राजाला निघालो होतो, आणि मोटारीचं चाक नेमकं बीबीला बसलं. तासभर तरी लागेल असं कळल्यावर मी खाली उतरलो. बाजाराचा दिवस होता. एका वांगीवाल्यापाशी उगीच उभा राहिलो. वांगी घ्यायची नव्हती, पण रंग फार सुंदर होता. त्याने कुठले, म्हणून विचारलं. मी जानेफळच्या शाळेचं नाव सांगितल्याबरोबर त्याने हातातला तराजू खाली ठेवला.

"तिथं एक इंग्रजीचे मास्तर हायेत न," तो म्हणाला. "तब्येत बरी हाये का त्याईची?"

तो मास्तरांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, भाऊ होता. मी आधी जरा तोऱ्यातच बोललो, की तब्येत बरी आहे, पण बहिणीला दोन वर्षं घरी ठेवून घेणं काही बरोबर नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"आम्ही ठेवून घेतलं?" तो म्हणाला. "आम्ही त वाट पाहून राह्यलो, भाऊ. जाताना भाऊ नेते, येताना नवरा न्यायले येते, हे काय सांगा लागते? न बोलावता लेकीले सासरी नेऊन घातलं त लोक म्हनतील, मायबापाले जड झाली."

मी पत्राचं विचारलं. हाव, आलं होतं म्हणाला. त्यानेच घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. वडील म्हणाले, एवढी कारणं लिहिणारा माणूस न्यायला येणार नाही, हा तर सोडचिठ्ठीचा कागद आहे. कोऱ्या ओळीवर काय लिहून पाठवायचं ते कुणालाच समजेना, म्हणून काहीच पाठवलं नाही. आणि मास्तरांच्या घरची रीत मला आतापर्यंत ठाऊक झाली होती, त्यांच्या आईनेच मला कधीतरी बोलताना सांगितली होती: त्यांच्याकडे जो नेतो तोच आणून पोचवतो. नवरा मागे लागून न्यायला गेला तर माहेरच्यांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. म्हणजे इकडे हा माणूस सभ्यपणाने वाट बघत होता, तिकडे ते घर सभ्यपणाने वाट बघत होतं, आणि मधल्या रस्त्यावरून मोटार दोन वर्षं रोज ये-जा करत होती.

परीक्षेचं काम मी कसं केलं ते मला आठवत नाही. जानेफळला परत आलो तेव्हा मास्तर वह्या तपासत ओसरीवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर लाल पेन्सिल तशीच हातात धरून ते समोरच्या तुरीच्या शेताकडे बघत राहिले. वारा होता, शेत सगळं एका अंगाला झुकत होतं आणि पुन्हा उभं राहत होतं. मला वाटलं, आता ते पहिल्या बाणापासून सुरू करतील. पण त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं.

"म्हणजे ती रागावली नव्हती?"

"नाही हो मास्तर," मी म्हणालो.

मग ते उठले, आत गेले आणि कागद-दौत घेऊन बसले. येतो आहे असं आधी कळवावं, आणि उशीर का झाला याचा थोडा खुलासा करावा, असा त्यांचा विचार होता. मी त्यांच्या हातातून टाक काढून घेतला. इतके दिवस मी त्यांना मास्तर म्हणत आलो, पण त्या दिवशी मीच मास्तर झालो. चिठ्ठी नाही, म्हटलं. उद्याची पहिली मोटार.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बीबीच्या मळ्यात पोचलो. कोट त्यांनी स्वतः ब्रशने घासला होता, तरी उजवी बाजू पांढरीच राहिली होती. वहिनी वांगी तोडत होत्या. आम्हाला पाहिल्यावर त्या सरळ उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि मग पुन्हा वाकून पुढच्या झाडाला हात घातला. मास्तर बांधावर येऊन थांबले.

"मी न्यायला आलोय," ते म्हणाले. एवढंच. कारण नाही, परिणाम नाही.

वहिनींनी टोपलीत वांगं टाकलं. "त्या चिठ्ठीत सगळं होतं," त्या म्हणाल्या. "येवढंच नव्हतं." आणखी दोन वांगी पडली. मग म्हणाल्या, "बसा तिथं. माहे दोन वाफे राह्यले. दोन वर्सं म्या वाट पाह्यली, तुम्ही येवढी दुपार पाहा."

मास्तर बांधावर बसले. मी विहिरीजवळच्या लिंबाखाली जाऊन बसलो, कारण तिथे माझं काही काम नव्हतं आणि निघूनही जाववत नव्हतं. त्या दुपारसारखी दुपार मी नंतर पाहिली नाही. पावसाने धुतलेलं ऊन, वांग्यांची जांभळी फुलं, पाटातून पाणी अगदी सावकाश चाललेलं, कुठेतरी एक होला घुमत होता. वहिनी मुद्दाम हळू तोडत होत्या, हे मला लांबूनही कळत होतं. मास्तर त्यांच्या हातांकडे बघत होते. त्यांनी काहीही विचारलं नाही. वहिनींच्या भावजयीने चहा आणून दिला, तो त्यांनी घेतला आणि कप हातातच धरून बसले. परतीची मोटार रस्त्यावरून भोंगा वाजवत गेली, तरी कुणी मान वळवली नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा वहिनी टोपली घेऊन बांधापाशी आल्या. मास्तरांनी दुसऱ्या बाजूने टोपलीला हात लावला आणि दोघं घराकडे चालायला लागले. मला त्या क्षणी फार आनंद झाला, आणि मी तिथे आहे हे दोघांनाही आठवत नाही याचं थोडं वाईटही वाटलं.

दसऱ्याला मास्तरांनी गावात दोन खोल्यांचं घर घेतलं. ती पत्र्याची पेटी बैलगाडीतून गेली, आणि मला माझी अख्खी खोली मिळाली. भिंती स्वच्छ, जमीन स्वच्छ. दूध उतू गेलं तर मी मुकाट्याने पुसून टाकायचो, आणि ते पुसताना फार एकटं वाटायचं.

आठ दिवसांनी त्यांनी मला जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी होती, भाकरी होती, मास्तर जेवताना वाचत नव्हते. वहिनी त्यांना बीबीच्या कुणा म्हातारीची गोष्ट सांगत होत्या आणि ते मध्येमध्ये फक्त "मग?" म्हणत होते. गोष्ट संपल्यावर ते पाणी आणायला आत गेले. वहिनींनी माझ्या ताटात भाकरी वाढली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता, एखादी साधी गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं.

"भाऊ, तुम्ही त दीड वर्सं त्याईच्या संगं एका खोलीत राह्यत होते. चिठ्ठी वाचली होती म्हनतात. मोटारीनंबी आमच्या गावावरून गेले होते. मंग तवाच काऊन नाही उतरले?"

मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि माझ्या भांड्यात पाणी ओतू लागले. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो. काय सांगणार होतो मी? मला त्या वेळी हसू येत होतं, हे?